जप्त झालेली पृथ्वी

मोरेश्वर खवसे मास्तरांच्या पलंगाखाली पृथ्वीचा समग्र इतिहास ठेवलेला होता, आणि त्यामुळे तिथे झाडू फिरत नव्हता. सौंसरच्या त्या गल्लीत मास्तरांची एवढी ओळख पुरे होती. पुढचं त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई स्वतः सांगत, ऐकणारा उभा असो की सायकलवर असो.

इतिहास अर्थात दगडांच्या रूपात होता. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणसं निवृत्त झाल्यावर देवाला लागतात किंवा शेजाऱ्याला लागतात. मास्तर दगडांना लागले. लोधीखेड्याकडच्या खाणीतला काळाकुळकुळीत मँगनीजचा तुकडा टीव्हीवर, संगमरवराचा पांढरा ढेकूळ दाराला अडसर म्हणून, अभ्रकाच्या चमचमत्या पापुद्र्यांपैकी एक देवघरात. हा शेवटचा मास्तरांनी ठेवला नव्हता. तो चंद्रकलाबाईंच्या आतेबहिणीनं ठेवला होता, हळदीकुंकू लावून. काढायची हिंमत आता कोणाची नव्हती. पांढुर्ण्याकडच्या काळ्या बसाल्टवर मागच्या दिवाळीत कोणी नारळ फोडला. नारळ उत्तम फुटला, हे मास्तरांनी नंतर खाजगीत कबूल केलं. पण त्या वेळी ते दोन तास जेवले नव्हते.

"दगड" हा शब्द मास्तर वापरत नसत. ते "नमुने" म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा याच सवयीतून झाला.

भाद्रपद जवळ आला तसा घरात प्रश्न निकराला आला. महालक्ष्म्या बसायच्या होत्या. त्यांच्या मखरासाठी नेमकी ती खोली लागत होती जिच्यात मास्तरांचा पलंग, आणि पलंगाखाली पृथ्वी.

"एकतर महालक्ष्म्या बसतील, नाई तर तुमचे गोटे बसतील," चंद्रकलाबाईंनी सांगितलं. "दोघीच्या मधात मी गोटे नाई ठेवू देत. लोक पाया पडतीन त्याईच्या."

"अगं, पण ते आपल्या मातीचे..."

"माती तर दिसूनच राहिली, पलंगाखाली! बोटभर!"

शेजारचे मंगेशभाऊ याच वेळेला नवं घर बांधत होते. चांगला मनुष्य, दुसऱ्याची अडचण आपल्या सोयीची होताना दिसली की धावून येणारा. ते कुंपणावरून म्हणाले, "सर, माह्या जोत्यात भर कमी पडून राहिली. तुमाले जड होत असन, तर टाका इकडं. घराखाली जाईन, वाया थोडीच जाईन."

मास्तर तडक आत निघून गेले. शंभर कोटी वर्षं पृथ्वीच्या पोटात भाजून निघालेला नमुना, आणि त्यावर मंगेशभाऊंचं बाथरूम.

आणि नेमका तेव्हाच पांढुर्ण्याच्या एका शाळेतून अमित सरांचा फोन आला. अमित सर म्हणजे तिथले तरुण, हौशी मुख्याध्यापक. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत जिल्हा दिसू लागला होता. अमित सरांनी प्रदर्शन काढलं होतं: "आपला जिल्हा: विश्वाच्या उत्पत्तीपासून मुख्यालयापर्यंत." विश्वाची उत्पत्ती कोणालाच येत नव्हती म्हणून मास्तरांची आठवण झाली होती.

"सर, तुम्ही तुमचे नमुने घेऊन या," अमित सर म्हणाले. "प्रदर्शन रंगलं तर शाळेची मागची खोली मी कायमची तुमच्या नमुन्यांना देतो. कपाट, कुलूप, पाटी, सगळं."

फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ टीव्हीवरच्या मँगनीजकडे पाहत बसले. एकच प्रश्न उरला होता आणि तो साधा होता: पृथ्वीला पांढुर्ण्यात खोली मिळते, की सौंसरात ती मंगेशभाऊंच्या जोत्यात जाते.

आता इथे सौंसरच्या मनातला एक काटा सांगणं भाग आहे. जिल्हा झाला, पण मुख्यालय पांढुर्ण्याला गेलं. सौंसर तहसीलच राहिलं. यावर सौंसरात कोणी उघड रडत नाही, पण पांढुर्ण्याचं नाव निघालं की चहा जरा जास्त ढवळला जातो. मास्तरांना मात्र यावर शास्त्रीय दिलासा सापडला होता. सौंसरच्या भोवतालचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. पांढुर्ण्याचा काळा बसाल्ट अवघा साडेसहा कोटींचा. ज्वालामुखीतून परवा उतू गेलेलं दूध. मुख्यालय कुठेही असो, वडीलकी कोणाकडे आहे हे खडकातच लिहिलं होतं. हे वाक्य मास्तर प्रदर्शनात उच्चारणार नव्हते. असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

नमुने न्यायचे कधी आणि कसे, यावर गल्लीची सभा भरली. संत्र्याचे रिकामे कॅरेट गल्लीतल्या राजूकडे होते आणि त्याची पिकअपही मोकळी होती, कारण संत्री अजून झाडावर हिरवी होती.

"पोळ्याच्या दिवशी जा," मंगेशभाऊ म्हणाले. "सारे बैलाच्या मांगं रायतात. रस्ता खाली."

समोरच्या केसरबाई म्हणाल्या, "पोळा म्हणजे अमावस. अमावसेले गोटा जागचा हलवू नये. माह्या मामेसासऱ्यानं हलवला होता."

"मग काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं काई नाई. पण हलवला होता."

राजूचं म्हणणं, पोळ्यानंतर त्याची गाडी गणपतीच्या मंडपाच्या बांबूंना लागलेली. म्हणजे पोळाच. सभेत एवढी तोंडं होती, पण पोळ्याच्या मागच्यापुढच्या दिवसांत पांढुर्ण्याकडे गाडीभर दगड नेणं म्हणजे काय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मंगेशभाऊंच्या आलं असावं, असा चंद्रकलाबाईंना अजून संशय आहे. आणि मास्तरांनी त्या वस्तूंना इतकी वर्षं दगड म्हटलंच नव्हतं, त्यामुळे ते दगड आहेत हे ते साफ विसरून गेले होते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधलेलं पळसाचं झाड उभं करतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. झेंडा शेवटी देवीच्या देवळात जातो आणि बरीच माणसं दवाखान्यात. प्रशासन दर वर्षी समजावतं, विनवतं, आणि आदल्या दिवसापासून दगड गोळा करण्यावर, नेण्यावर बंदी घालतं. अशा दिवशी मोरेश्वर मास्तर, कोरं धोतर, वर जाकीट, पिकअपमध्ये पुढं बसून, संत्र्याच्या कॅरेटात अठ्ठावीस प्रकारचे नमुने घेऊन पांढुर्ण्याकडे निघाले.

रस्ता खाली नव्हता. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल गावोगाव रस्त्यात होते आणि त्यांना हॉर्न वाजवणं म्हणजे पाप. राजू प्रत्येक जोडीला हात जोडत चालवत होता. मास्तर मनात भाषणाची उजळणी करत होते. सुरुवातीला काहीच नव्हतं, हे वाक्य त्यांना फार आवडायचं.

पांढुर्ण्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. दोन बॅरिकेड, एक तंबू, आणि हवालदार गुलाबराव. गुलाबराव हा नियमाचा मनुष्य. त्यांच्या मिशांनासुद्धा दोन्ही बाजूंना सारखंच वळण होतं.

"मांगं काय हाय जी?"

"पृथ्वीची जडणघडण," मास्तर म्हणाले.

गुलाबरावांनी ताडपत्री उचलली, पाहिलं, परत ठेवली, परत उचलली. इतक्या वर्षांत त्यांनी दगड शेणाच्या पाटीत पकडले होते, शाळेच्या दप्तरात पकडले होते, एकदा वरातीच्या बँडमधल्या ढोलात पकडले होते. पण कॅरेटात, कापसावर मांडून, वर चिठ्ठ्या लावून आणलेले दगड त्यांनी पाहिले नव्हते.

"हे तर गोटे हायत."

"नमुने आहेत."

"नमुने तर तुमी हा, मास्तर. उतरा खाली."

मास्तरांच्या पिशवीतून लांब इलॅस्टिक निघालं. विश्व कसं फुगत जातं ते दाखवायला त्यांनी त्याला ठराविक अंतरावर गाठी मारल्या होत्या. ताणलं की प्रत्येक गाठ दुसऱ्या प्रत्येक गाठीपासून लांब जाते. साधन साधं आणि सुंदर होतं. गुलाबरावांनी ते दोन बोटांनी ताणून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"गोटे. आन् वरून गुलेलीचं रबर."

"ते ब्रह्मांड आहे हो!"

"ठाण्यात सारे असंच सांगतात."

मग पंचनामा सुरू झाला. गुलाबराव बोलत वऱ्हाडी पण लिहीत सरकारी हिंदी, आणि लिहिताना त्यांचा आवाजही बदलायचा. पहिल्या कॅरेटावर त्यांनी बोट ठेवलं. "हा कवाचा?"

"शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. त्याहून जास्तच."

गुलाबरावांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं: "उक्त पत्थर की उम्र एक अरब वर्ष, मालिक द्वारा बताई गई। प्रत्यक्षदर्शी कोई नहीं।"

मास्तर म्हणाले, "प्रत्यक्षदर्शी कसा असेल? तेव्हा माणूस नव्हता."

"मंग तुमाले कोणं सांगितलं?"

या प्रश्नावर जगातल्या सगळ्या भूवैज्ञानिकांच्या वतीनं मास्तरांनी जाकीट सारखं केलं. तेवढ्यात गुलाबरावांनी पुढचा प्रश्न केला, "सासरवाडी कोणती जी तुमची?"

"सावरगाव," मास्तर सहज म्हणाले.

लेखणी थांबली. तंबूभोवती जमलेल्या पांढुर्ण्याच्या पोरांमध्ये एक कुजबूज गेली. सावरगावचा जवाई, पोळ्याच्या दिवशी, गाडीभर गोटे, रबरासकट. आता पुरावा म्हणून काय उरलं होतं?

उरलेलं काम साळ्यानं केलं. गजाननराव, चंद्रकलाबाईंचे धाकटे भाऊ, सावरगावचे नामांकित गोटमार खेळाडू. आयुष्यात त्यांनी मास्तरांना कधी पाणी विचारलं नव्हतं. "पुस्तकी मनुष्य" म्हणून बाजूला ठेवलं होतं. खबर ऐकून ते मोटरसायकलवर आले, मास्तरांना मिठी मारली आणि त्यांचे डोळे पाणावले.

"भाऊजी! मले सांगाचं ना जी! मी ट्रॅक्टर पाठवला असता!"

"गजानन, हे प्रदर्शनासाठी..."

"तेच तं! प्रदर्शन उद्या, नदीत!" गजाननरावांनी संगमरवराचा तुकडा उचलून तळहातावर तोलला. "हा हलका हाय, हवेत फिरन. हा काळा मस्त बसला हातात. पण हा चमचमता कायले आणला? फेकला तं पापुद्रे होऊन वाऱ्यावर उडून जाईन."

"तो अभ्रक आहे!" मास्तर ओरडले. त्यांच्या आवाजात जे दुःख होतं ते गजाननरावांना कळलं नाही, पण पांढुर्ण्याच्या पोरांना त्यातून एवढं कळलं की जावई मालाची प्रत सांगून राहिला.

सौंसरला बातमी मास्तरांच्या आधी पोचली. चंद्रकलाबाईंचा फोन आला. "अहो, केसरबाई सांगून राहिली का तुमाले धरलं म्हणे? गोटमारीचे गोटे पुरवता म्हणे?"

"अगं, गैरसमज..."

"मले एक सांगा. गोटे परत तर नाई येऊन राहिले न?"

नायब तहसीलदार वैशाली मॅडम आल्या तेव्हा दुपार उतरली होती. त्या सकाळपासून नदीकाठी फिरत होत्या, घसा बसला होता, आणि उद्या कोणाचं डोकं फुटू नये एवढीच त्यांची जगाकडे मागणी होती. त्यांनी कॅरेट पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या, मास्तरांकडे पाहिलं. मागोमाग अमित सरही धापा टाकत आले आणि म्हणाले, "मॅडम, मी ओळखतो यांना. शास्त्रीय काम आहे. ब्रह्मांडाबद्दल."

"मग दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मला पटलं तर गाडी सोडते. फक्त नमुने शाळेत, कुलपात."

मास्तरांना आयुष्यात एवढा श्रोतृवर्ग मिळाला नव्हता. एका बाजूला पांढुर्ण्याची पोरं, दुसऱ्या बाजूला गजाननरावांबरोबर आलेली सावरगावची मंडळी, मध्ये अडकलेल्या गाड्या, आणि दोन सजवलेल्या बैलजोड्या, ज्यांना कुठं जायची घाई नव्हती. मास्तरांनी चष्मा पुसला.

"सुरुवातीला काहीच नव्हतं."

"नाकाबंदीही नव्हती?" मागून एक आवाज.

"जागाही नव्हती. वेळही नव्हता. तेराशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी एका सूक्ष्म, तप्त अवस्थेतून सगळं पसरू लागलं, आणि अजून पसरतंय. गुलाबराव, जरा हे टोक धरा."

गुलाबरावांनी पुराव्याचं टोक धरलं. मास्तर मागं मागं सरकू लागले. गाठी एकमेकींपासून लांब गेल्या. "पाहा. ही प्रत्येक गाठ म्हणजे ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. कोणत्याही गाठीवर बसून पाहा, बाकीच्या आपल्यापासून पळताना दिसतात. म्हणून प्रत्येक गाठीला वाटतं, विश्वाचं केंद्र आपणच."

"मुख्यालय," गजाननराव म्हणाले, आणि सावरगावची मंडळी खदखदली.

मास्तर रंगात आले होते. आणखी मागं सरकले. विश्वाच्या प्रसरणाला मर्यादा आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. इलॅस्टिकच्या प्रसरणाला ती होती. टोक मास्तरांच्या हातून सुटलं आणि गुलाबरावांच्या अंगठ्यावर सपकन बसलं. गुलाबराव नियमाचा मनुष्य, त्यांनी ओरडण्याआधी लिहिलं: "ब्रह्मांड के प्रसार के दौरान हवलदार के अंगूठे को चोट।"

पण मॅडम हसल्या होत्या. त्यांचा बसलेला घसा खरखरला, आणि त्या एका दगडावर, म्हणजे नमुन्यावर नव्हे, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या. "पुढं?"

मास्तरांनी ताऱ्यांच्या पोटात लोखंड कसं शिजतं ते सांगितलं. तारे फुटले, त्यांची राख जमली, तिच्यातून सूर्य, पृथ्वी. "तुमच्या रक्तातलं लोखंड कोण्या ताऱ्याच्या चुलीतलं आहे," ते एका म्हाताऱ्या बैलवाल्याला म्हणाले. तो आपल्या मनगटाकडे पाहत राहिला. मग आग, मग थंडावा, मग समुद्र. पोरांचे हात खिशात गेले. ऐकताना जातात तसे. अमित सरांनी मागच्या खोलीची किल्ली चाचपली असावी. सगळं जमत आलं होतं.

इथं मास्तरांनी थांबायला हवं होतं. शहाणा मनुष्य टाळी पडायच्या आधी खाली बसतो. पण मास्तरांच्या हातात सौंसरचा संगमरवर होता आणि तोंडात सौंसरची जीभ.

"हा पाहा," ते म्हणाले, "आमच्या सौंसरकडचा. शंभर कोटी वर्षांहून जुना. आणि हा काळा, तुमच्या पांढुर्ण्याचा. अवघा साडेसहा कोटी. म्हणजे जिल्ह्याचा विचार केला तर..." ते थांबले नाहीत. "म्हणजे जिल्ह्याचा विचार केला तर पांढुर्णा हे आमच्यापुढं काल जन्मलेलं लेकरू आहे."

एका बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"म्हणजे आमी काल आलो?" पांढुर्ण्याचा एक पोट्टा पुढं झाला. "मुख्यालय नाई भेटलं म्हणून जळून राहिले काय जी?"

"सर," अमित सर हळूच म्हणाले, "हे प्रदर्शनाच्या विषयाला धरून नाही."

गजाननराव तर फेटा उडवायचे बाकी होते. "सांगा भाऊजी, सांगा! आन् आमचं सावरगाव? ते तर जुनं हाय न?"

साळ्यासाठी एक लहानसं खोटं बोलता आलं असतं. जगातले कित्येक संसार तेवढ्यावर चालतात. पण मास्तर पंचवीसेक वर्षं वर्गात उभे राहिलेले. खडक समोर असताना खोटं त्यांच्या तोंडून निघेना.

"सावरगाव तेच. एकाच लाव्ह्याचं. जाम नदी तर फार नंतर मधून वाहिली. दोन्ही काठ एकाच दगडाचे. एकाच तव्यावरची एकच भाकर, मधात फक्त नख लागलं आहे."

आता हे ऐकून दोन्ही काठ गहिवरतील, असं मास्तरांना वाटलं. भूगोलाच्या शिक्षकाला असं वाटतं. प्रत्यक्षात गजाननराव पांढुर्ण्याच्या त्या पोट्ट्याजवळ गेले आणि म्हणाले, "ऐकलं काय बे? आपल्याले एकच म्हणून राहिला."

"ऐकलं न, काका. आन् दोघाईलेही काल जन्मलेले म्हणून राहिला."

"सौंसरचा मनुष्य आपल्या नदीत नाक कायले घालते?"

"हौ न!"

आणि लोकांनी पाहिलं की पोळ्याच्या दिवशी, गोटमारीच्या आदल्या संध्याकाळी, पांढुर्णा आणि सावरगाव पहिल्यांदा एका बाजूला उभे राहिले. समोरच्या बाजूला मोरेश्वर मास्तर, एकटे. आणि मध्ये, एका ताडपत्रीखाली, अठ्ठावीस प्रकारचे दगड, हाताला बरोबर बसतील असे, कॅरेटात रचून तयार.

वैशाली मॅडम मैलाच्या दगडावरून ज्या वेगानं उठल्या, त्या वेगाला प्रसरण म्हणता येईल. "गुलाबराव! सगळं जप्त! गोदामात, कुलूप! सर, तुम्ही जीपमध्ये बसा. आत्ता."

मास्तर सरकारी जीपमधून सौंसरला परत आले. सौंसरात त्यांचं जे स्वागत झालं त्याची त्यांना कल्पना नव्हती. चौकातल्या चहावाल्यानं त्यांना बाकावर मध्यभागी बसवलं. "सर, आपण किती जुने म्हणता?" "शंभर कोटी." "पुन्हा सांगा." मंगेशभाऊंनीही खांद्यावर हात ठेवला, पण हळूच विचारलं, "गोटे सुटतीन तवा सांगा. जोतं उघडंच ठेवतो." आणि अमित सरांचा संदेश आला: प्रदर्शनात विश्वाच्या उत्पत्तीऐवजी आता थेट मुख्यालयापासून सुरुवात होईल. मागच्या खोलीत कॅरम ठेवला आहे.

घरात पलंगाखाली झाडू फिरला. चंद्रकलाबाईंनी जागा पुसली, सारवल्यासारखी लख्ख केली, आणि मग का कोण जाणे, तिथंच थोडा वेळ बसून राहिल्या. "लय रिकामं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण गोटे आणू नका."

गोटमार झाली. चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. "सर, या आणि माल घेऊन जा. प्रदर्शनासाठी आणले होते हे स्पष्टच आहे. तुमच्यावर काही नाही."

मास्तर बसनं पांढुर्ण्याला गेले. आनंद व्हायला हवा होता, पण बसमध्ये ते हिशेब करत होते आणि हिशेब काही जुळत नव्हता. घर नाही. शाळा नाही. राहिलं जोतं.

गोदामाचं कुलूप गुलाबरावांनी सकाळीच काढलेलं होतं. मास्तर दारातच थबकले. पंचनाम्याच्या क्रमानं सगळे नमुने फळीवर मांडलेले. प्रत्येकाखाली क्रमांक, नाव, वय. धूळ नाही. वर पत्रा, खाली कोरडी फरशी, दाराला शिपाई. जगात यांना याहून बरी जागा मिळणार नव्हती.

आणि आत माणसं होती. पांढुर्ण्याचा तोच पोट्टा, डोक्याला पट्टी बांधलेला, बसाल्टवर बोट फिरवत होता. शेजारी गजाननराव, हात गळ्यात अडकवलेला, खिशातून सावरगावचा एक काळा दगड काढून त्याच्याजवळ ठेवून पाहत होते. उलटा करून. उजेडात धरून.

"चार रोजापासून येऊन राहिले," गुलाबराव म्हणाले. "फरक सापडत नाई त्याईले. म्या म्हटलं, बापहो, हात लावा, पण फेकू नका."

कोपऱ्यात एक बाई उभी होती. तिनं पदरात बांधून एक हिरवट, बारीक छिद्रांचा दगड आणला होता. मास्तरांना ओळखून ती पुढं आली. "काहो गुरुजी, आमच्या वावरात निघते हा. निंदताना विळ्याले लागते. याचं वय सांगता काय? आमी रोज शिव्या देतो त्याले."

मास्तरांनी दगड हातात घेतला. छिद्रांत पांढरे स्फटिक होते, लाव्हा थंड होताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत कालांतरानं भरलेले. ते सांगायला लागले आणि तिनं पदर तोंडाशी धरला, अन् गजाननरावांनी मान वळवली, अन् पोट्टाही जवळ आला. इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा स्वतःचा दगड घेऊन आलं होतं. वर्गात असं कधी झालं नव्हतं.

मग ते सरळ वैशाली मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. गुलाबराव सुटकेचा कागद घेऊन मागोमाग.

"मॅडम, माल सोडू नका."

मॅडमनी वर पाहिलं. "सर, लोक माल सोडवायला येतात."

"जप्तच राहू द्या."

"जप्त ठेवायला काहीतरी गुन्हा लागतो. तुम्ही शास्त्रासाठी आणले. मी स्वतः ऐकलं."

मास्तरांनी जाकिटाचं वरचं बटण लावलं. इतकी वर्षं जपलेलं नाव, वर्गातली शिस्त, चौकातला बाक, सगळं त्यांनी एकदा मनात तोलून पाहिलं. "मग लिहा," ते म्हणाले, "का मी मारायलेच आणले होते."

गुलाबरावांनी चटकन आपला तक्ता काढला. गोटमारीच्या जप्तीचा हा तक्ता त्यांनी स्वतः आखलेला होता. "लिवतो जी. पण कोणत्या बाजूनं मारणार होते? रकाने दोनच हायत. पांढुर्णा का सावरगाव?"

दारात गजाननराव आणि तो पोट्टा येऊन उभे होते.

मास्तरांनी दोघांकडे पाहिलं.

"सौंसर," ते म्हणाले. "लिहा, सौंसरच्या बाजूनं."

वैशाली मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. गुलाबरावांच्या चेहऱ्यावरची रेष मात्र बदलली नाही. त्यांनी खिशातून पट्टी काढली, तक्ता टेबलावर सरळ केला, आणि तिसरा रकाना आखायला घेतला.